वांग्याला नारळाचा घास

आमच्या मुलुंडच्या चाळीत धोंडूइतका घाबरट माणूस दुसरा नव्हता. मांजर आडवं गेलं की हा अर्धा तास तिथंच उभा. मी मुद्दाम विचारायचो, "काय रे, मांजराच्या परवानगीची वाट बघतोस?"

पण अडुसष्टच्या दिवाळीआधी तो घाबरला, तो मांजराला नव्हे.

चाळीमागच्या तुकड्यात त्यानं वांगी लावली होती. जागा तुळशीदासशेठची. शेठला तिथं पत्र्याची शेड बांधायची होती. दिवाळीनंतर तो बघायला येणार, रोपं जोमात दिसली तरच जमीन धोंडूकडे राहणार. कारखान्यातून धोंडूला कमी केलेलं. घर वांग्यांवरच चालायचं.

म्हणून त्यानं युरिया खत आणलं. दुकानदार म्हणाला, "मिठासारखं दिसतं, पण चिमूटभरच घाल." धोंडूच्या कानात फक्त मीठ शिरलं. गावी, मालवणात, तो नारळाच्या बुंध्याशी मूठ मूठ मीठ घालायचा. इथंही त्यानं रोपागणिक मूठ दिली.

दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. धोंडू बांधावर डोकं धरून बसला होता.

"काय रे, वांग्यांच्या मिशा जाळल्यास?" मी म्हटलं.

त्यानं वरही पाहिलं नाही. "कोणीतरी करणी केली, भाऊ."

त्याची बायको सुगंधा आली. बुंध्याशी न विरघळलेले पांढरे दाणे तिनं बोटानं उकरले. "करणी कसली, मेल्या! वांग्याक नारळाचो घास भरवलंस तूच!"

"म्हणजे माती मेली गो?"

"खारट बांगडो आपण फेकून देतंव? पाण्यात घालून खार काढतंव ना? तसाच कर. ऊठ!"

दाणे खरवडून फेकले. मग विहिरीवरून कळशा सुरू झाल्या. मीही एक उचलली. प्रत्येक कळशीला धोंडूची नवी भीती. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतील, कमी पडलं तर विष आत राहील. दिवाळीत त्यानं फराळाला हात लावला नाही.

शेठ आला तेव्हा विहिरीकडच्या रोपांना कोवळी पालवी फुटली होती. पलीकडची, जिथं पाणी उशिरा पोचलं, ती काळी पडून माना टाकलेली. शेठनं त्यांच्यात छत्रीचं टोक खुपसलं. "एवढ्या जागेत माझी शेड बसेल. उरलेलं ठेव तू."

तो गेल्यावरही धोंडू हिरव्या ओळीतून हलेना. चिडवायला मी तोंड उघडलं.

"नको भाऊ," तो कुजबुजला. "उद्या ही पण काळी पडली तर?"