बारा चिठ्ठ्या

डोंबिवलीच्या त्या आयव्हीएफ क्लिनिकमध्ये ती मला एकदाच भेटली. विमा कंपनीशी फोनवर भांडून मी नुकतीच बाकावर बसले होते. "गुडघे चालतात, मोतीबिंदू चालतो, मूलच कसं चालत नाही यांना!" मी चिडून पुटपुटले.

"आम्हालापण पॉलिसीत बसत नाही म्हणाले," शेजारची बाई म्हणाली. कल्याणजवळच्या मोहने गावची होती, पोळीभाजी केंद्रात कामाला. मांडीवरच्या फाईलवर तिने दोन्ही हात असे ठेवले होते, जसे झोपलेल्या मुलावर ठेवतात.

"मग खर्चाचं कसं केलंत?"

"आम्हा बारा जणींची भिशी आहे. प्रत्येकीने आपापलं नाव लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. मी म्हटलं, काय नशीब! मग उरलेल्या चिठ्ठ्या फेकायला गेले, तर सगळ्यांवर माझंच नाव."

ती हसली. हसताना तिने पदराने नाक पुसलं. "सगळा खर्च नाही भागला, पण इंजेक्शनं सुरू झाली ना!"

तिने फाईल उघडून दाखवली; पहिल्याच पानावर त्या बारा चिठ्ठ्या स्टेपल केलेल्या होत्या. अक्षर प्रत्येकीचं वेगळं. "बाळाला वाचता यायला लागलं, की पहिलं हेच वाचायला देणार," ती म्हणाली आणि नंबर लागल्यावर आत गेली.

दोन वर्षं मी माझे हे उपचार सख्ख्या बहिणीपासूनही लपवले होते. तिथेच बसून मी तिला फोन लावला.