केळीच्या खुंटात सरळ गेलेला बाण

मोर्च्याच्या झेंड्यांसाठी काठ्या विस्तवावर सरळ करत होतो. करपल्या बांबूचा वास आला आणि तंजावूरचं आमचं परसदार आठवलं. बाजार खुला झाल्याच्या जयजयकाराची ती वर्षं.

विजयादशमीला आमच्याकडे धनुष्य पुजून केळीच्या खुंटावर बाण सोडतात. त्या वर्षी अक्काची तिरंदाजीच्या जिल्हा संघाची निवडचाचणी जवळ आली होती आणि तिचे बाण डावीकडे जात होते. बाणाची दांडी फार ताठ असली की बाण लवून धनुष्याला वळसा घालत नाही, म्हणून ती बांबूची दांडी विस्तवावर शेकून काचेनं खरवडायची, बाण सोडायची, पुन्हा खरवडायची.

"केळीला आज तरी सुट्टी दे गं," मी म्हणालो.

"गप रे. एकच उरलाय."

तेवढ्यात अप्पा आले. चप्पल न काढताच म्हणाले, "चाचणीला यंदापासून परदेशी धनुष्यच लागतं म्हणे. बांबूचं चालत नाही. ते आपण कुठून आणणार?"

अक्कानं मान हलवली आणि दांडी खरवडतच राहिली. मग बाण सोडला. तो सरळ खुंटात शिरला.

आज मी असल्या अटीवर जळजळीत पत्रक काढीन. तेव्हा आम्ही हात धुऊन जेवायला बसलो. अक्कानं मीठ मागितलं, तेवढंच.