खाजामामूंचा हातमोजा

अन्याय झाला तो खाजामामूंवर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, आमच्या उदगीरच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, सकाळी, नारळ फुटायच्या आधी. हे आधीच लिहून टाकतो. कारण महिन्यापूर्वी मामू गेले तेव्हा ज्यांनी तो अन्याय केला तेच खांदा द्यायला पुढे होते, आणि शोकसभेत त्यातलं कुणीच त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मला बातमी कळली ती निलंग्याच्या एसटीत. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा, या मागणीची पत्रकं मांडीवर होती. मामूंच्या मुलाचा, सलीमचा फोन आला. "अब्बा गेले. दुकानातच... ट्यूबमध्ये हवा भरून राहिले होते." एवढंच बोलला. पुढच्या फाट्यावर उतरलो आणि उलट्या गाडीची वाट बघत उभा राहिलो.

बिदर रोडला मामूंचं पंक्चरचं दुकान. तरुणपणी ते गोलकीपर होते; आमच्या पिढीला ते ठाऊक झाले स्पर्धेमुळे. नांदेडपासून निलंग्यापर्यंतचे आठ संघ, तिकीट काढून आलेली गर्दी, आणि देणग्यांतून मानधन देऊन हैदराबादहून आणलेले आठ पाहुणे खेळाडू, प्रत्येक संघाला एक. पण कोणता पाहुणा कुणाकडून खेळणार, हे देणगीवर ठरत नसे. मामूंच्या जुन्या हातमोज्यात आठ संघांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि पाहुण्यानं भर मैदानात आपल्या हातानं एक काढायची. कुणी कितीही देणगी दिलेली असो.

मामूंना पैशाचा राग होता असं मात्र कुणी समजू नये. पैशानं खेळाचं वाटोळं केलं, असं मी एकदा पत्रकातल्यासारखं ठणकावून सांगितलं. मामूंनी शांतपणे चहा बशीत ओतला आणि विचारलं, "पैशाबिगर त्या लांबड्याचा पाय बघायला भेटला असता का रे तुला?" लांबड्या म्हणजे हैदराबादचा उंच फॉरवर्ड. आलेला चेंडू छातीवर घ्यायचा आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत गोलकडे वळलेला असायचा. त्याला बघून आमची पोरं वर्षभर भिंतीवर चेंडू मारून तेच घोटत बसली होती. "पैसा येऊ दे की," मामू म्हणाले. "फक्त कुठं बसायचं ते त्याला ठरवू देऊ नको."

एका वर्षी लांबड्यानं चिठ्ठी काढली ती निलंग्याची, म्हणजे सगळ्यांत कच्च्या संघाची. त्या संघानं उपांत्य सामन्यात गावातल्या बड्या शेठच्या संघाला हरवलं. सगळ्यांत मोठी देणगी शेठचीच असायची. सामना संपल्यावर ते मामूंजवळ आले. "माझ्याच पैशानं मलाच हरवून राहिले का, मामू?"

"हाव शेठ. अन् तुमच्याच पैशानं सारं मैदान उभं राहून बघून राहिलं. अजून काय पाह्यजे?"

त्या दिवशी शेठसुद्धा हसले होते.

मग तो दुष्काळ आला. आडत बाजार ओस पडला, देणग्या आटल्या, यंदा स्पर्धा नको असंच सगळे म्हणत होते. शेठ म्हणाले, सगळा खर्च माझा, नाव 'जिल्हा चषक' ठेवा. नव्या जिल्ह्याच्या मागणीचा आवाज होईल असं सांगितलं गेलं. अट एकच, की सगळे पाहुणे त्यांच्या पसंतीनं, त्यांच्याच संघात खेळतील. समितीनं बंद खोलीत मान डोलावली आणि मामूंना कळवलंसुद्धा नाही. ते नेहमीसारखे हातमोजा घेऊन मैदानात आले तेव्हा चिटणीस म्हणाले, "मामू, यंदा त्याची गरज न्हाई." आणि त्यांना शाल घालून मंचावर बसवलं. मामूंनी हातमोजा घडी करून खिशात ठेवला. भांडले नाहीत.

अंतिम सामन्यात शेठचा संघ सुरुवातीला डोळे दिपवणारं खेळला, हे मी नाकारत नाही. पण समोर नांदेडची पोरं, पाहुण्याशिवाय. चेंडू त्यांना मिळेचना. मध्यंतराला लोक उठले आणि टँकरच्या रांगेत नंबर लावायला गेले. निकाल ठाऊक असलेला सामना कितीही देखणा असो, तहानलेला माणूस तो बघत थांबत नाही. सामना संपला तेव्हा नांदेडचा गोलकीपर, कोपरं सोललेला, मातीनं भरलेला, थेट मामूंपुढे येऊन उभा राहिला.

"मामू, आमचं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई, बेटा... आमचं."

चिठ्ठी परत आलीच नाही. मामू मात्र दर वर्षी पहिल्या दिवशी हातमोजा खिशात घालून यायचे, नारळ फुटेपर्यंत थांबायचे आणि दुकानात परतायचे. कुणी मागितला तर असावा म्हणून. कुणी मागितला नाही.

आता समितीनं जाहीर केलंय, यंदा 'खाजामामू स्मृतिचषक'. पाहुणे खेळाडू? ज्याची बोली मोठी, त्याचे. ज्या माणसाला मंचावर शाल घालून गप्प केलं, त्याला आता चषकावर कोरून गप्प करायचं आहे.

काल दुकानात गेलो होतो. कंप्रेसरच्या वर, खिळ्याला, हातमोजा टांगलेला आहे. तळव्याचं रबर झिजलंय. अंगठ्याला मामूंनीच लावलेलं ट्यूबचं ठिगळ आहे, अजून पक्कं. सलीम म्हणाला, "मागितला तर आत्ता देतो. पण मागायला कुणी यावं तर लागंल ना."

तुमच्या दारात तिकिटं विकायला माणूस येईल, उदगीरमध्ये, नांदेडला, निलंग्यात. चषकावरचं मामूंचं नाव दाखवील. त्याला विचारा, हातमोजा कुठाय? आणि तो मैदानावर येत नाही तोवर एकही तिकीट घेऊ नका.