बिनगळाचा नाद

मासेमारीचं एवढं शास्त्र जाणणारा आणि जन्मात स्वतःहून एकही मासा न पकडलेला दुसरा माणूस अख्ख्या कृष्णाकाठी सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझा हा शाळासोबती आष्ट्यात कापडाचं दुकान चालवतो. घराणं जैन, स्वयंपाकघरात कांदासुद्धा येत नाही. चाळिशी उलटल्यावर मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघून त्याला हा नाद लागला. गळाला गांडूळ लावायचं नाही, कारण त्याला जीव आहे. म्हणून मग प्लास्टिकचे बेडूक, पत्र्याचे चमचे, लाकडाचे रंगीत मासे. त्यांचे गळही हा पहिल्याच दिवशी पक्कडीनं काढून टाकतो, कारण माशाच्या जबड्यालाही जीव आहे. मग नदीवर येतोस कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, मासा नुसता तोंड लावून जातो, तेवढा झटका हातात यायला पाहिजे. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर त्याला मी मिरजेला नेऊन डॉक्टरला दाखवलं असतं.

आणि त्या एका झटक्यासाठी थाट केवढा! गिऱ्हाईक साडी मागत ताटकळतं आणि हा दोरी अंगठ्यावर घासून तिचा ताण बघत बसतो. शेंड्याशी वाकणारा रॉड वेगळा, मधून वाकणारा वेगळा, बुडापासून झुकणारा तिसरा. नायलॉनची दोरी ताणली जाते, तिला शेंड्याशी वाकणारा कडक रॉड चालतो. विणलेली दोरी तसूभरही ताणली जात नाही, तिला मधून वाकणारा हवा. "दोघंबी ताठ असली की संसार टिकत न्हाई गड्या," हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलंय, त्यातल्या निम्म्या वेळा त्याच्या बायकोसमोर. बेडूक बदलला की दोरी बदलायची, दोरी बदलली की रॉड. या बदलाबदलीत दुपार सरते. दिवस कलला की मासे वर यायला लागतात, आणि नेमका तेव्हाच हा पसारा आवरायला घेतो, कारण सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं. मी पट्टीचा मासेखाऊ. नदीवर गेलोय म्हणजे मासा येणारच, म्हणून माझी बायको मसाला वाटून वाट बघायची आणि मी व्याख्यान ऐकून रिकाम्या हातानं घरी जायचो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगात आलं. तो चूळ भरायला पाण्याकडे गेला, तेवढ्यात मी दोरीवरचा बिनगळाचा लाकडी मासा काढून तसाच दिसणारा, मी बाजारातून आणलेला गळवाला अडकवला. एवढी विद्या शिकलेला माणूस खरा मासा लागल्यावर काय करतो, ते मला बघायचं होतं.

तिसऱ्या फेकीला मरळ लागली. रॉड अगदी त्यानं सांगितला होता तस्सा, मधून वाकला. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. तो मात्र हसत उभा. नेहमीसारखी सुटेल म्हणून वाट बघत होता, आणि ती सुटेना तसा त्याचा चेहरा उतरत गेला. मग मरळीला ओढण्याऐवजी हाच दोरी धरून कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि तिला पोटाशी धरून गळ सोडवायला लागला. तिनं त्याचा अंगठा फोडला. गळ निघाला तेव्हा पाण्यात रक्त होतं, दोघांचंही. तिला ओंजळीत धरून तो कितीतरी वेळ "जा बाई, जा" म्हणत राहिला. शेवटी ती हातातून निसटली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तुला गंमत वाटली, व्हय रं?" एवढंच तो म्हणाला.

त्यानं दोन दिवस उपास केला. घरी पोट बिघडल्याचं सांगितलं, माझं नावही काढलं नाही. सगळे रॉड माळ्यावर गेले. मला माझी लाज वाटली, अजूनही वाटते.

आता दुकानात गेलो की चहा येतो, गप्पा होतात. पण मी उठायला लागलो की तो आवाज खाली आणून विचारतोच, "ती मरळ जगली असंल न्हवं रं?"

"जगली की. मरळ लय चिवट असतीया," मी सांगतो.

तो मान डोलावतो आणि कापडाची घडी घालायला लागतो. खरं तर ती आडवी होऊनच वाहत गेली होती, आणि ते त्यालाही दिसलं होतं.