गाडी घुमून राहिली

शेतीची माहिती देत गावोगाव फिरणाऱ्या व्हॅनवर मी ड्रायव्हर होतो. टपावर सोलरच्या प्लेटा बसवल्या आणि गाडी वेगात आली की वरून हूं हूं असा आवाज सुरू झाला. गाडी थांबली की गप. मेकॅनिकसमोर तर एकदाही नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली.

गोरेगावच्या वाटेवर तांड्यावरच्या एका म्हातारीला गाडीत घेतलं. आवाज ऐकून ती म्हणाली, “गाडी घुमून राहिली, बाबा. इचार तिला, काय पाहिजे.”

“वारं हाय ते, आजी.”

तिनं गाडी थांबवायला लावली आणि पिशवीतला नारळ चाकापुढं फोडला. मी चिडून टपावर चढलो, प्लेटांखालच्या फटीत बारदान कोंबलं. पुढं गोरेगावपर्यंत आवाज बंद.

गोरेगावला उतरून वर पाहिलं, तर बारदान वाटेतच कुठंतरी उडून गेलेलं.