छपराचा साकव

माझ्या चुलत मेव्हण्यांच्या मापातून आजवर जगातली एकही गोष्ट सुटलेली नाही, माझं पोटसुद्धा. अबू धाबीत मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी आले, की पाणी प्यायच्या आधी त्यांच्या खिशातून टेप बाहेर येते. माझा मुलगा आतूनच ओरडतो, "पपा, अंकल इज मेजरिंग द फ्रिज अगेन!" अल ऐनला एका लग्नात तर आम्ही सगळे अक्षता टाकतोय आणि हे वाकून मांडवाचा खांब मोजतायत! भटजी मंगलाष्टक विसरले. मी शरमेनं अर्धा झालो. "दादा, अहो काय हे!" तर म्हणाले, "हबीबी, खांब कलतोय. अक्षता काय, नंतरही टाकता येतील."

तर गेल्या पावसाळ्यात पुरानं त्यांच्या कोकणातल्या गावचा ओढ्यावरचा साकव नेला. साधासुधा नव्हे, छपराचा! लाकडी, वर कौलं, पणजोबांच्याही आधीचा. ओढ्यापलीकडे देवीचं देऊळ. पंचायत सिमेंटचा स्लॅब टाकायला तयार होती, पण यांची आई फोनवर म्हणाली, "होता तस्साच कर बाबा. एकदा त्यावरून जाऊन देवीची ओटी भरते, मग मी सुटले." झालं! जुनं माप कुठेच नाही. सापडला तो एकच फोटो, दादा पहिल्यांदा दुबईला निघाले तेव्हाचा. साकवाच्या खांबाशी आई ताठ उभी. दादांनी गावाकडच्या बहिणीकडून आईची उंची मागवली, तिच्यावरून खांबाची काढली आणि दुबईत अल क्वोजला मित्राच्या वर्कशॉपमध्ये नमुन्याची अख्खी चौकट उभी केली. तिच्या मापानं गावचे सुतार काम करणार होते.

रविवारी आम्हाला बघायला बोलावलं. दादा ऐटीत चौकटीखालून निघाले आणि खाडकन टाळकं शेकलं! "अशक्य! त्या साकवात माझं डोकं कधी लागलं नाही." तीनदा आकडेमोड केली. बरोबर! मग स्पीकरवर बहिणीला झापलं, "आईला नीट मोजलंस का?"

"भिंतीला टेकवून मोजलंय, दादा. पण फोटो केव्हाचा तो? आई आता किती वाकलीय! दरवर्षी येतोस, दिसलं नाही तुला?"

दादा तिथल्याच एका फळीवर बसले. म्हणाले, "जावईबापू, मी जातो तेव्हा ती खाटेवर बसलेली असते हो. नाहीतर मी पाया पडायला वाकलेला असतो."

तेवढ्यात बहिणीनं फोन आईकडे दिला.

"साकव झाला का रे?"

"होईल गं आई. त्याआधी मीच येतो. पाठुंगळीला घेऊन नेतो तुला देवीला."

आई खळखळून हसली. "मेल्या, झेपणार आहे का मी तुला?"

दादांनी खिशातून टेप काढली आणि फळीवर ठेवून दिली.