गिरदावर मामांचा घोडाभत्ता

माझ्या मामांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, आणि ती म्हणजे आपल्याला कोणीतरी फसवतंय. निजामी अमलात ते वांकिडीच्या बाजूला गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून पटवाऱ्यांचं काम तपासायचं. नोकरी संशय घ्यायची आणि स्वभावही तोच. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. वैद्यानं काढा दिला की पहिला घोट ते वैद्यालाच घ्यायला लावत. कोणी दिवसातून दोनदा रामराम केला, की "याचं आपल्याकडं काय काम निघालं असंल?" म्हणून संध्याकाळपर्यंत अस्वस्थ असत. कचेरीतलं घड्याळ पेशकार कारकून मुद्दाम मागं ठेवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते सूर्याकडे पाहून घरी येत, आणि आभाळ आलं असेल तर सूर्याचाही भरोसा नको म्हणून तासभर आधीच निघत. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहून कचेरीत काम शिकायला बिनपगारी उमेदवारी करत होतो. पानात वाढलेलं वरणसुद्धा ते आधी माझ्याकडे सरकवून माझा चेहरा पाहत.

अशा माणसाला सरकारनं घोडाभत्ता मंजूर केला. दौऱ्यासाठी प्रत्येक गिरदावरानं घोडा पाळावा आणि त्यासाठी तनख्यात, म्हणजे पगारात, दरमहा जादा पैसे घ्यावेत, असा हुकूम आला. ऐकून मामी हरखल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या गावाबाहेरच्या ओढ्यावरून पाणी आणत होत्या, आणि मानेचं दुखणं आता त्यांना रात्री झोपू देत नव्हतं. "आता आंगणात हीर खांदा," त्या म्हणाल्या. "बाकी मले काई नोको."

बाकीच्या गिरदावरांना हिशोब बरोबर समजला होता. वांकिडीच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे पायाला पांढरा पट्टा असलेला एक गरीब घोडा होता. वर्षातून एकदा तहसीलदारसाहेब घोड्यांचा मुआयना, म्हणजे तपासणी करत, तेव्हा तोच घोडा झूल बदलून सगळ्यांचा म्हणून साहेबांपुढून जाई, आणि भत्ता घरी राही. मामांनाही त्यांनी प्रेमानं सामील व्हायला सांगितलं. झालं! इतक्या प्रेमानं सांगताहेत म्हणजे मला पकडून द्यायचा बेत आहे, असं मामांनी ओळखलं. "हे सापळा लावून राह्यले," मला म्हणाले, आणि पुढच्याच बाजारी खराखुरा घोडा विकत घेऊन आले. विहीर राहिली बाजूला.

घोडा आला, पण त्याच्या पाठीवर बसण्याइतका भरोसा मामांना कधीच वाटला नाही. "त्याचे कान पाह्य. काई तरी ठरवून राह्यला तो." त्यामुळे दौऱ्यावर लगाम धरून मामा पुढे चालत आणि मागून रिकाम्या खोगिराचा घोडा येई. गावकरी चावडीपुढे उभे राहून मामांना मुजरा करत आणि मग घोड्यावरचे साहेब कुठे उतरले असतील म्हणून रस्त्याकडे पाहत राहत.

इकडे घरात तूप दिसेनासं झालं. तनखा कागदावर वाढला होता आणि महिनाअखेर शेजारून ज्वारी उसनी आणावी लागत होती. मामांनी आधी खजानची पकडला, मग हरभरेवाला, मग मामी, मग मी. शेवटी ते घोड्यापुढे पाट टाकून बसू लागले आणि तो हरभऱ्याची चंदी खात असताना त्याच्या तोंडाकडे रोखून पाहू लागले. घोडाही खाणं थांबवून त्यांच्याकडे पाही. दोघांचंही एकमेकांबद्दलचं मत तेव्हाच पक्कं झालं असावं.

मुआयन्याचा दिवस आला. पांढऱ्या पट्ट्याचा घोडा लाल, हिरव्या, निळ्या झुलीत पुन्हा पुन्हा येऊन गेला आणि तहसीलदारसाहेबांनी दर वेळी समाधानानं मान हलवली. मग मामा आपला घोडा घेऊन आले. साहेब खुर्चीत ताठ झाले.

"ये किसका घोडा है?"

"हुजूर, मेरा."

"सबका घोडा एक, तुम्हारा अलग कैसा? कहाँ से उठा लाए?" साहेबांनी विचारलं. "तुम्हारा है तो सवार होके बताओ."

मामांनी रिकिबीत पाय घातला. घोड्यानं कान मागं घेतले. मामांनी पाय काढून घेतला. भत्ता त्याच दिवशी बंद झाला.

घोडा मग विकला. दोन महिन्यांनी मामांनी मला हळूच माजघरात बोलावलं. ते घाबरलेले दिसत होते. "भत्ता गेला, आन् हाती जास्त पैसा येऊन राह्यला. काऊन? कोण टाकून राह्यला?"

"कोणी नाई मामा," मी म्हणालो. "चंदी, गवत, नाल, खोगीर, यात भत्ता तर जायेच, वरून तुमच्या मूळ तनख्यातलंही जाये. घोडा भत्त्याहून जास्त खाये."

"आन् पाणी?" मामी चुलीजवळून म्हणाल्या. "ते नाई धरलं हिशोबात?"

"पाण्याले कुठं पैसा लागते?" मामा म्हणाले.

"नाई लागत. मीच आणो ना त्याच्यासाठी. रोज." त्या भाकरी थापतच राहिल्या.

मामांनी इतक्या लोकांवर पाळत ठेवली होती, पण ओढ्याच्या वाटेनं जादा खेपा घालणाऱ्या या बाईकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते मामींच्या मानेकडे बघत राहिले. मला तिथं बसवेना, म्हणून मी उठून बाहेर गेलो.

घोडा विकून आलेले पैसे घरात होतेच. आठवड्याभरात अंगणात खणती सुरू झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी लागलं, आणि पहिला पोहरा ओढायला मामी पदर खोचून उठल्या, तर मामांनी दोर हिसकावून घेतला. तेव्हापासून रोज पहाटे साऱ्या घराचं पाणी तेच ओढत. गिरदावरसाहेबांना पाणी भरताना पाहून गाव हसलं. सोयरेधायरे आले, त्यांनी नाकं मुरडली. मामी संकोचानं म्हणत, "अवो, द्या मले. लोक पाहून राह्यले."

"तू दोर घासतं काठावर," मामा डोळे बारीक करून म्हणत. "मले तुह्या हाताचा भरोसा नाई."

मामी गेल्या तोवर हा भरोसा त्यांना आला नाही. मीही एकदा दोराला हात लावायला गेलो होतो. त्यांनी मला लांबूनच हटकलं, आणि मामींची घागर भरून आपल्याच खांद्यावर घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.